आयर्विनला किती?

पुरात अख्खी सांगली एकमेकांना हेच विचारते.
आपण बारा महिने विचारायचो.
मी छापखान्यातून सायकल हातात धरून बाहेर पडायचो
आणि तू टपरीवरनं ओरडायचास,
'काय पायगोंडा, आयर्विनला किती हाय?'
म्हणजे, राग कुठवर चढलाय.
तीस म्हटलं की चहा.
चाळीस म्हटलं की चहा, पण बोलणं नाही.
पंचेचाळीसच्या वर
तू तुझ्या सांगलवाडीला, मी माझ्या विश्रामबागेत,
मधे पूल आणि ते सगळं पाणी.

दस्तगीर शिकलगार,
आज्याचं धारेचं चाक विकून तू पहिल्या कादंबरीची शाई घेतलीस.
कागद फुकट होता, हळदीच्या सौद्याच्या पावत्यांची पाठ.
तुझी बोटं पिवळी, पानं पिवळी,
आणि माणसं लग्नाला यावीत तशी यायची तुझ्या लिहिण्यात,
आवतण नसताना, पोरंबाळं घेऊन.
मी दिवस मावळायच्या आत जेवणारा,
कांदा न खाणारा,
एका स्वल्पविरामापायी आठवडा घालवणारा.
'मर्दा, तुझ्या गोष्टीत कुणी जेवतच नाही.'
'तुझ्यातलं कुणी ताटावरून उठतच नाही.'

मग तू माझ्या बहिणीला कादंबरीत घातलंस.
नाव बदललंस, गाव बदललंस.
विहीर तीच ठेवलीस.
तुझी मुद्रितं तपासायला माझ्याकडेच आली.
एकशेबारावं पान मी दोनदा वाचलं.
'विहिर' लिहिलं होतंस. ऱ्हस्व.
मी ते दीर्घ केलं,
खाली सही केली, पाठवून दिलं.

अकरा वर्षं कुणी कुणाला आकडा विचारला नाही.
त्यातल्या एका वर्षी तुला बक्षीस मिळू नये म्हणून
मी समितीला पत्र लिहिलं. निनावी.
तू ओळखलंस म्हणे,
एकही चूक नव्हती म्हणून.

आणि पूर आला त्या साली
उसाच्या ट्रॅक्टरमधून माझ्या दारात उतरलास,
कमरेपर्यंत चिखल, डोक्यावर पत्र्याची पेटी.
मी दार धरून उभा. काय बोलावं कळेना.
'किती?'
'सत्तावन्न,' म्हणालास, आणि पेटी खाली ठेवलीस.

वीज नव्हती, ऊन नव्हतं.
सुनेनं तुझी पानं तव्यावर शेकली,
भाकरी उलटावी तशी, कडेकडेनं.
घरभर हळदीचा वास.
एक पान उचलून तू खिडकीशी धरलंस,
सगळी शाई वाहून गेलेली, मधेच एक 'आणि' उरलेला.
'घे,' म्हणालास, 'झाली बघ तुझ्या मनासारखी.'
हसलास. मग रडलास का खोकलास
ते मला सांगता येणार नाही, मी चष्मा पुसत होतो.

चौथ्या दिवशी भांडलोच.
मी म्हटलं, गेलेल्या जागा कोऱ्याच राहू देत.
तू म्हणालास, कृष्णामाई माझी संपादक न्हाई.
निम्मी पानं काखेत मारून अनवाणी निघालास.
उरलेली निम्मी माझ्याकडे आहेत,
बेदाण्याच्या खोक्यात, माळ्यावर.
मागायला आला नाहीस.
मीही दिली नाहीत.

तुला जाऊन दोन उन्हाळे झाले.
नदी इतकी खाली की खांबावरचे सगळे आकडे उघडे पडलेत,
घाटाच्या पायऱ्यांवर पोरं चेंडू शोधतायत.
टपरीवाल्याचा मुलगा मला दोन कप देतो, सवयीनं, बापाच्या.
मी दुसरा परत करत नाही.

स्मरणिकेसाठी तुझ्यावर दोनशे शब्द मागितलेत.
महिना झाला, एकवीस लिहिलेत,
त्यातले नऊ खोडलेत.
पण काल रात्री, दिवा लावून, जेवणाची वेळ टळून गेल्यावर
अक्काबद्दल एक ओळ आली.
तिच्यात विहिर ऱ्हस्व पडली.
पेन उचललं होतं.
तशीच जाऊ दिली.